पूर्वी इथं असं नव्हतं

डोंबिवलीत राहायला आलेला माणूस डोंबिवलीकर नेमका केव्हा होतो, याबाबत सरकारचा आणि आमचा मतभेद आहे. सरकार आधारकार्ड बघतं, वीजबिल बघतं, फारच झालं तर डोमिसाइल मागतं. आमच्याकडे असल्या कागदांना किंमत नाही. रिक्षाच्या रांगेतला माणूस पुढच्या गर्दीकडे बघून सुस्कारा टाकतो आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाला सांगतो, "पूर्वी इथं असं नव्हतं." झालं. त्या क्षणी तो आमचा झाला. मग त्याचं 'पूर्वी' म्हणजे गेली दिवाळी का असेना.

मुंबईकर, पुणेकर किंवा नागपूरकर व्हायचं असेल, तर त्याची सोय पु. ल. देशपांडे करून गेले. डोंबिवलीकराला मात्र स्वतःचं स्वतःच बघावं लागलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून साधारण ५० किलोमीटरवरच्या या गावाला मुंबईकर मुंबईत धरत नाहीत, ठाणेकर 'पलीकडचे' म्हणतात आणि कल्याणकर महापालिकेच्या पाटीकडे बोट दाखवून 'आधी कल्याण, मग डोंबिवली' एवढंच ऐकवतात. २०११च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. यातले निदान बारा लाख लोक 'हल्ली फार बाहेरचे लोक आलेत' या मताचे असावेत. उरलेले पन्नास हजार तेव्हा गाडीत होते.

आमच्या इमारतीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. "तीनशे दोन मीटिंगला येणारेत का?" "एकशे तीननं पुन्हा कुंडीला पाणी घातलं, खाली टपकतंय." आडनाव घेतलं की गाव, भाषा, जात, मासे खातात की नाही, असं सगळं एका श्वासात बाहेर पडतं. नंबरातून फक्त मजला कळतो, आणि मजल्यावरून पाण्याचा दाब. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, पहिल्यावर धो धो येतं. आमच्याकडचा खरा वर्गसंघर्ष तेवढाच. बाकीचे संघर्ष आम्ही हौसेनं करतो.

तळमजल्यावर शून्य शून्य दोन. त्यांना मात्र सगळे 'भाऊ' म्हणतात, कारण ही जमीन त्यांची. भाऊ आगरी. इमारत उभी आहे तिथं त्यांच्या आजोबांची भातशेती होती आणि इमारतीला त्यांच्या आजीचं नाव आहे. वार्षिक सभेत भाऊ कोपऱ्यात बसतात, तीन तास काही बोलत नाहीत. पाण्याच्या विषयावर सगळे घसा फोडून थकले, की ते शांतपणे म्हणतात, "तुमी टाकी बांधलीय ना, तं आमची हीर व्हती. यो सगला शेत व्हता आमचा." मग अध्यक्ष आभार मानतात आणि सभा संपते. भाऊंच्या 'पूर्वी'पुढे कुणाचंच 'पूर्वी' टिकत नाही. त्यांच्या हिशेबानं पेंडसेनगर नवीन, टिळकनगर नवीन, रामनगरही तसं नवीनच. त्यांच्या दृष्टीनं आम्ही सगळे पावसाळ्यात शेतात साचलेलं पाणी. फरक इतकाच, की ते पाणी आटायचं.

आता आम्ही. माझे आजोबा राजापूरहून गिरगावात आले आणि मरेपर्यंत चाळीत 'राजापूरकर' म्हणून वावरले. वडील त्याच चाळीत जन्मले, चाळीतली खोली अपुरी पडल्यावर डोंबिवलीला आले आणि शेवटपर्यंत 'आम्ही गिरगावचे' असं सांगत राहिले. गिरगावात त्यांच्या वाट्याला एक खोली, सामाईक संडास आणि पहाटे चारचं पाणी आलं होतं. डोंबिवलीत दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि स्वतःचा नळ मिळाला, त्याला पाणी नव्हतं हा भाग वेगळा. तरी सुख म्हणजे गिरगाव. आमच्या घराण्यात माणूस राहतो तिथला कधीच नसतो, मागच्या ठिकाणचा असतो. चौकशी केली तेव्हा कळलं, की बहुतेक घराण्यांची हीच रीत आहे.

तीनशे दोनमधले अंकल त्रिशूरजवळचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं, कारण ते सोसायटीच्या कागदपत्रांतून शिकलेत. 'सदर', 'उपरोक्त', 'सर्वानुमते' हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसलेत, की घरीसुद्धा ते "उपरोक्त चहा थंड झालाय" असं म्हणत असावेत. सोसायटीचं इतिवृत्त तेच लिहितात. 'मराठी माणसानं मराठीतच बोललं पाहिजे' असा ठराव एका सभेत आला, तेव्हा त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अंकलनीच दुरुस्त केल्या आणि मग त्याच्या बाजूनं हात वर केला.

डोंबिवलीचं हे एक गुपित बाहेर फारसं माहीत नाही. सांस्कृतिक नगरी, मराठी मध्यमवर्गाचं माहेर, २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलेलं गाव, हे सगळं खरं. पण इथल्या कितीतरी मराठी पोरांची शाळा केरळीय समाजमनं चालवलेली. घरी आजी शुभंकरोति म्हणून घेणार, शाळेत मल्याळी टीचर पाढे म्हणून घेणार आणि क्लासला गुजराती सर. पुढे दक्षिण भारतीय मंडळींनी काढलेलं कॉलेजही आहे. एवढ्या तयारीनंतर ते पोर अमेरिकेत जातं आणि तिथं बसून 'मराठी टिकली पाहिजे' या विषयावर आम्हाला लांबलचक मेसेज पाठवतं, रोमन लिपीत.

परका म्हणजे परप्रांतीयच असं समजायचं कारण नाही. एकशे एकमध्ये लातूरचं कुटुंब आलं तेव्हा एकशे तीनच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "घाटावरचे आहेत." काकू दापोलीच्या. त्यांच्या भूगोलात सह्याद्री ही आंतरराष्ट्रीय सरहद्द आहे. लातूरवाल्यांची भाषा मराठी, देव तेच, सण तेच. पण त्यांनी आमटीला येसर लावला आणि शेंगदाण्याचं कूट भाजीत घातलं. काकूंच्या मते नारळ सोडून शेंगदाण्याकडे वळणं हे धर्मांतर होतं. लातूरच्या वहिनींचं मत वेगळं नव्हतं, फक्त दिशा उलट. "हे लोक सगळ्यात खोबरं घालतेत," त्या गावी फोनवर सांगत होत्या, "कशाचीच चव लागत नाही बघा." हे काकूंना कसं कळलं? डक्टमधून.

डक्ट म्हणजे काय, हे बंगल्यात राहणाऱ्यांना सांगायला हवं. इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत गेलेली एक अंधारी पोकळी. तिच्यातून सांडपाण्याचे पाइप जातात, कबुतरं राहतात आणि सगळ्या घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तिच्यात उघडतात. सरकारी योजनांनी राष्ट्रीय एकात्मतेसाठी काय केलं ते मला ठाऊक नाही, आमच्याकडे ते काम डक्ट करतो. सकाळी सातला भाऊंच्याकडे सुकट भाजायला घेतात. साडेसातला तीनशे दोनमध्ये खोबरेल तेलात कढीपत्ता तडतडतो. आठला तीनशे चारमधल्या भाभींचं दाल-पकवान, रविवार असेल तर. चारशे एकमधल्या कच्छी शेठांकडे कांदा-लसूण चालत नाही, त्यामुळे तिथून फक्त हिंग येतो, पण असा येतो की बाकी सगळे वास उभे राहून त्याला जागा देतात. दुपारी लातूरचा येसर. आणि चारशे दोनमध्ये भाड्यानं राहायला आलेल्या दरभंग्याच्या तरुण जोडप्यानं मोहरीचं तेल तापवलं, की खाली पहिल्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे डोळे भरून येतात. प्रेमानं नव्हे.

आमच्या घरी बांगडे तळले जातात त्या दिवशी चारशे एकच्या खिडकीचा आवाज येतो. तो आवाज मी ओळखतो. तो बंद होण्याचा आवाज आहे. पण शेठ आजवर एका शब्दानं बोलले नाहीत. उलट संध्याकाळी भेटले की विचारतात, "आज फिस्टी होती ने?" त्यांनी तक्रार केली असती तर मी अस्मितेचा मुद्दा केला असता, सभेत बोललो असतो, अर्धी सोसायटी माझ्या मागं उभी राहिली असती. शेठांनी नुसती खिडकी लावून माझा सगळा लढा वाया घालवला.

डक्टमध्ये एकच प्रश्न खरा पेटला, तो चारशे दोनच्या मोहरीच्या तेलाचा. वास कुणाला जास्त लागला? तीनशे दोनच्या आंटींना, ज्यांच्या खोबरेल तेलाबद्दल एके काळी याच इमारतीत सह्यांचा अर्ज फिरला होता. आंटींचं म्हणणं, "कोकोनट ऑइल इज डिफरंट. ते सगळ्यांना माहीत आहे." पूर्वी माहीत नव्हतं. माहीत व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली, एवढंच.

तीनशे चारच्या भाभी उल्हासनगरच्या. डोंबिवलीहून चार स्टेशनं. माहेर एवढं जवळ असूनही त्या 'परदेशी' समजल्या जायच्या, कारण त्यांनी लग्न होऊन आल्यावर दाराबाहेर चपलांचं काचेचं कपाट ठेवलं. भाभींच्या सासऱ्यांची गोष्ट मात्र आमच्या सगळ्यांच्या गोष्टींना पुरून उरणारी आहे. फाळणीत सिंधमधून निघालेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून टाकलं होतं. लाखाच्या आसपास माणसं, पाच कॅम्प, बराकी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं नव्या गावाची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. घर, शेत, दुकान गमावून आलेल्यांच्या वसाहतीला उल्हासाचं नाव देणं हा सरकारी विनोद वाटतो खरा, पण त्या माणसांनी तो खरा करून दाखवला. 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आम्ही शाळेत असताना एकमेकांना सांगायचो, तोही उल्हासनगरचीच जीन्स घालून. पाऊणशे वर्षं झाली, २०११ साली गावाची वस्ती पाच लाखांवर गेली, तरी पत्ता आजही 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतात. छावणी कधीच उठली, नाव उठलं नाही. भाभींचे सासरे हयात असताना एकदा भाऊंच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. भाऊ सवयीनं म्हणाले, "यो सगला शेत व्हता आमचा." म्हातारा थोडा वेळ गप्प बसला, मग हसत म्हणाला, "तुम कम से कम देख तो सकता है, भाऊ. मेरा तो वीजा लगता है." त्यानंतर काही महिने भाऊंनी सभेत शेताचा विषय काढला नाही.

माणसांचं सोडा, आमच्याकडे गावंसुद्धा आत-बाहेर करतात. डोंबिवलीच्या अंगाला २७ गावं आहेत. ती १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली परत आत आली. नंतर त्यातली काही पुन्हा वगळायची खटपट झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे एखादी म्हातारी एकाच ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती आणि तेवढ्यात तिनं तीनदा नागरिकत्व बदललं. स्थलांतर म्हणजे माणूस हलतो अशी समजूत आहे. इथं सरहद्द हलते आणि म्हातारी जागेवर.

सणांची वर्गणी हा एक स्वतंत्र अध्याय झाला असता, पण तो वाचायला ज्यांनी वर्गणी दिली नाही तेच येतील. थोडक्यात सांगतो. गणपती सर्वांचा, त्यामुळे सर्वांकडून वर्गणी. नवरात्रात गरबा शेठांचा, त्यामुळे त्यांनी जास्त द्यावेत आणि आम्ही जास्त नाचावं. ओणमला आंटी जिन्याखाली फुलांचं पूक्कळम काढतात, त्याला आमच्या बायका 'छान रांगोळी' म्हणतात आणि आंटी दरवर्षी समजावून सांगतात, की ही रांगोळी नाही. छठचा प्रश्न नवा होता. पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य द्यायचं, तर पाणी कुठं आहे? चौथ्या मजल्यावर तर नाहीच. शेवटी ते जोडपं पहाटे उठून खाडीवर गेलं आणि परत येताना सगळ्या घरांत ठेकुआ देऊन गेलं. एकशे तीनच्या काकूंनी एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "आपल्या शंकरपाळ्यासारखंच आहे की." हा इमारतीतला नागरिकत्वाचा पहिला टप्पा. आपल्या कशासारखं तरी आहे असं ठरलं, की ते आत येऊ शकतं.

या सगळ्यात एक उलटी गंगा आहे आणि ती मला फार आवडते. गिरगाव हे आमचं मूळ पीठ. तिथून उठून लोक डोंबिवलीला आले आणि आयुष्यभर गिरगावच्या आठवणीनं झुरले. १९९९ साली डोंबिवलीतल्या गणेश मंदिर संस्थाननं गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. नऊवारी, फेटे, लेझीम, चित्ररथ. पुढच्या काही वर्षांत ती प्रथा ठाण्याला गेली आणि गिरगावातही गेली. आज टीव्हीवर गिरगावची यात्रा बघून लोक म्हणतात, "बघा, गिरगावनं परंपरा कशी जपलीय." डोंबिवलीतली परंपरा गिरगावनं जपली! वडील असते तर हे त्यांनी मान्य केलं नसतं. ते म्हणाले असते, "आम्ही इथं आणली तेव्हाच ती गिरगावची होती, फक्त तिथं कुणाला माहीत नव्हतं."

मुळात 'मूळचे' कोण, हे शोधायला गेलं की मागं मागं जावं लागतं आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी सामान घेऊन नुकतंच आलेलं भेटतं. मुंबईच्या मूळ रहिवाशांत पाठारे प्रभूंचं नाव मानानं घेतात. पण इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली संपादून छापलेली 'महिकावतीची बखर' सांगते, की बिंब राजा माहीमला आला तो बरोबर कुळं घेऊनच आला. बखरीतल्या तपशिलांवर अभ्यासकांनी वाद घातले आहेत, पण मला एका गोष्टीची खात्री आहे. ती कुळं किनाऱ्यावर उतरली तेव्हा एखादा कोळी जाळं विणता विणता बायकोला म्हणालाच असेल, "पूर्वी इथं असं नव्हतं." साष्टी-वसईकडच्या मूळच्या ख्रिश्चनांची तऱ्हा तर याहून न्यारी. गोव्या-मंगळूरकडचे ख्रिश्चन नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांच्यात आपली गणना होऊ नये म्हणून या भूमिपुत्रांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मुहूर्तावर, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव घेतलं, तेही एका गेलेल्या कंपनीच्या आठवणीनं. स्वतःच्या अंगणात राहून आपण बाहेरचे नाही हे सिद्ध करायचं, तर माणूस दिशासुद्धा बदलतो.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या जोशीकाकांसारखे (आडनाव अंदाजानं घेतलंय, डोंबिवलीत ते सहसा चुकत नाही) अनेकांची मुलं न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावी आहेत. ओक ट्री रोडवर साड्या, मिठाई, सोनं, वडापाव सगळं मिळतं. २०१० साली तिथं एक गंमत झाली. जोएल स्टाइन नावाचा एक विनोदी स्तंभलेखक त्याच एडिसनमध्ये वाढलेला. त्यानं 'टाइम' साप्ताहिकात लेख लिहिला. आपलं गाव आता आपलं राहिलं नाही, ज्या थिएटरात आम्ही पोरं चोरून शिरायचो तिथं बॉलिवूडचे सिनेमे लागतात आणि समोसे मिळतात, असा त्याचा सूर. म्हणजे तो मनुष्य इंग्रजीत, अमेरिकेत, पैसे घेऊन, आमचंच वाक्य बोलत होता. भारतीय मंडळी भडकली. 'टाइम'नं आणि लेखकानंही दिलगिरी व्यक्त केली.

त्या वेळी डोंबिवलीतही संताप झाला. पोरांनी तिकडून लेख पाठवला होता. कट्ट्यावर काका तावातावानं सांगत होते, "अहो, आमच्या मुलांनी त्या गावाचं सोनं केलं! आणि हा म्हणतो बाहेरचे आले? किती कोत्या मनाचे असतात लोक!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग थोडा वेळ शांततेत गेला. मग काकांनी समोरच्या पदपथावरच्या नव्या पाणीपुरीवाल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे बघा. हे पूर्वी होतं का?" कुणी हसलं नाही. सगळे गंभीरपणे पाणीपुरी खायला गेले.

बरं, ते एडिसन तरी कुणाचं? १९५४ सालापर्यंत त्याचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. मग दिव्याच्या एडिसनचं नाव दिलं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथली. आणि तो थॉमस एडिसन मूळचा ओहायोचा. त्याच्याही आधी तिथं लेनापी लोक राहत होते, आणि त्यांच्या बाबतीत 'पूर्वी इथं असं नव्हतं' यावर कुणाला हसू येणार नाही. आता तिथले नव्वद सालच्या आसपास गेलेले मराठी लोक नव्या आलेल्या आयटीवाल्यांबद्दल काय म्हणतात, हे मी ऐकलंय. गाड्या कशाही लावतात, मंडळाची वर्गणी भरत नाहीत आणि गणपतीला फक्त जेवायला येतात. आमच्या सभेचं इतिवृत्त त्यांना पाठवलं तर फक्त चलन बदलावं लागेल.

आमची इमारत आता पाडली आहे. रीडेव्हलपमेंट. भिंतींना तडे गेले होते, वाढीव कार्पेट मिळणार होतं, आणि चौथ्या मजल्याला पाण्याचं वचन दिलं होतं. बिल्डर महिन्याचं भाडं देतो, पण त्या भाड्यात डोंबिवलीत दोन खोल्या मिळेनात. म्हणून आमच्यातली सहा घरं बदलापूरला एकाच संकुलात गेली. आम्हीही. भाऊ मात्र गेले नाहीत. ते दोन गल्ल्या पलीकडे पुतण्याकडे राहतात आणि रोज संध्याकाळी पत्र्याच्या कुंपणातून आत बघतात. पाया खणताना पाणी लागलं तेव्हा त्यांनी आम्हाला सगळ्यांना फोन केला. "सांगला व्हता ना, हीर हाय म्हणून."

बदलापुरात एनओसी देण्यापूर्वी कमिटीनं आमची मुलाखत घेतली. सेक्रेटरी परळचे, गिरणगावातून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथं आलेले. शेजारी खजिनदार बाई, मूळच्या नाशिकच्या. शेठांना विचारलं, दुकान घरातून चालवणार का. अंकलना विचारलं, मराठी येतं का. अंकल म्हणाले, "सदर प्रश्न अनावश्यक आहे," आणि त्यांची एनओसी जागीच झाली. दरभंग्याच्या जोडप्याला विचारलं, भाड्यानं राहणार की पोटभाडेकरू ठेवणार. मला विचारलं, "तुम्ही कुठले?" मी तोंड उघडलं, राजापूर की गिरगाव याचा विचार करत होतो, तेवढ्यात सेक्रेटरींनी फॉर्मवर स्वतःच लिहिलं, 'डोंबिवली', आणि खजिनदार बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "डोंबिवलीवालेच फार यायला लागलेत हल्ली. त्यांच्यामुळे लोकलला चढायला मिळत नाही." आम्ही ऐकलं. एकशे तीनच्या काकूंचा चेहरा लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सहाही घरं, दापोली ते दरभंगा, एकाच गावची होतो आणि एकत्र अपमानित झालो होतो. खाली उतरल्यावर लातूरच्या वहिनींनी सगळ्यांना चहा पाजला आणि काकूंनी, मी स्वतः बघितलं, चहाबरोबरची शेंगदाण्याची चटणी दोनदा घेतली.

त्यानंतरच्या गणपतीत डोंबिवलीवाल्यांनी आरतीचा ताबा घेतला. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत अंकल सहचिटणीस झाले आणि इतिवृत्तात 'उपरोक्त' दिसू लागला. काकू आता सातव्या मजल्यावर सातशे पाचमध्ये राहतात, पण आम्ही त्यांना एकशे तीनच म्हणतो. लिफ्टमध्ये जड सामान नेल्यास ५०० रुपये दंड, हा नियम त्यांनीच सुचवला आणि बहुमतानं मंजूर करून घेतला.

परवा नालासोपाऱ्याहून एक कुटुंब राहायला आलं. टेम्पो उभा होता, दोन हमाल फ्रिज उचलून लिफ्टकडे निघाले होते, मागं नवराबायको आणि कडेवर झोपलेलं पोर. काकू खिडकीतून बघत होत्या. मग त्या सात मजले खाली उतरल्या, लिफ्टनंच, हमालांना थांबवलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "फ्रिज जिन्यानं. दंड आहे. आणि पोराला माझ्याकडे द्या, तोवर चहा होतोय. मासे खाता ना?"